शिंप्याच्या टेबलाची गिटार

प्रिय वहिनी,

एकाच घरात राहून तुला पत्र लिहितोय, म्हणून दादा सकाळपासून माझी टर उडवतोय. "वरच्या मजल्यावर पाठवायला तिकीट किती रे लागतं?" म्हणाला. त्याला चहा करायला पिटाळलंय आणि मी खाली कारखान्यात तुझ्या टेबलापाशी येऊन बसलोय. माझ्या टेबलावर तांब्याच्या तारेची रिळं, चुंबकं आणि पोट उघडून पडलेला एक अ‍ॅम्प, कागद ठेवायला बोटभर जागा नाही. तुझं मात्र सगळं जिथल्या तिथे. रंधे ओळीत, पटाशांच्या धारा भिंतीकडे. भुसा तेवढा कुठूनतरी येऊन शाईला चिकटतोय, तो झटकून वाच.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा फर्निचरच्या कारखान्यात कामाला होतीस हे मला माहीत होतं, पण तिथे तू हिशोब बघत असशील, फार तर पॉलिश करत असशील, अशी माझी आपली समजूत. मी तेव्हा गिटारींच्या तयार बॉडी बाहेरून मागवायचो, त्यांत चुंबकाभोवती तार गुंडाळून केलेले माझे पिकअप बसवायचो आणि विकायचो. एकदा आलेल्या मालात एक बॉडी उभी चिरलेली निघाली. मी चार शिव्या हासडून ती कोपऱ्यात टाकली. काही दिवसांनी बघतो तर तिच्या जागी नवी कोरी बॉडी उभी! कडा अशा वळवलेल्या की हात फिरवताना बोट कुठे अडतच नव्हतं. पोटाशी टेकते तिथे खोलगट, हाताला लागते तिथे उतरती. मी वर येऊन विचारलं, "हे कोणी केलं?" तू कणीक मळत होतीस. म्हणालीस, "का, वाईट झालंय?" मी नुसतं "बरं आहे" म्हणालो आणि त्या दिवसापासून बाहेरून माल मागवणं बंद केलं. कौतुक तोंडावर करायची आपल्या घरात सवयच नाही. आज सगळं एकदम करतोय, तेव्हा सावरून बस.

भांडण मात्र आपलं पहिल्या महिन्यापासून. मी म्हणायचो, इलेक्ट्रिक गिटारमध्ये लाकडाला काही काम नाही. तार चुंबकावर थरथरते, वेटोळ्यात वीज तयार होते, ती वायरीतून अ‍ॅम्पला जाते. लाकूड म्हणजे नुसती तारा अडकवायची खुंटी. तू म्हणायचीस, "मग भिंतीवरच्या खुंटीला बांध की तारा, मी कशाला घासत बसू?" तार ज्याच्यावर ताणली आहे ते हललं तर तारही वेगळी हलेल, एवढं साधं तुझं म्हणणं. दादा जेवताना कानांवर हात ठेवायचा.

शेवटी एका रविवारी तूच सोक्षमोक्ष लावायचा ठरवलास. तीन बॉडी केल्यास: जड महोगनी, हलकं पांढरं अ‍ॅश आणि एक चक्क आपल्या जुन्या दाराच्या फळीची. गिटारची मान तीच, पिकअप तेच, तारा त्याच जातीच्या, दर खेपेला नव्या. मधे चादर टांगली. चादरीमागे झिपरी वाजवायला आणि समोर दादा, शेजारपाजारचे आणि मी. (झिपरी तेव्हा नुकतीच आपल्याकडे यायला लागली होती. हातात गिटार आणि डोळ्यांवर केस, यापलीकडे तिचं काही दिसायचंच नाही.) आम्ही सगळ्यांनी अंदाज केले आणि सगळ्यांचे चुकले. दादाने तर दाराच्या फळीला महोगनी म्हणून छातीठोक सांगितलं. मला इतका आनंद झाला की मी टेबलावर चढलो होतो, आठवतंय?

तू शांतपणे चादर काढलीस, तिची घडी घातलीस आणि झिपरीचे डोळे ओढणीने बांधलेस. म्हणालीस, "आता हिला विचारू." झिपरीने तिन्ही ओळखल्या. मी ओरडलो, "वजनावरून कळलं असणार!" त्यावर तू म्हणालीस, "वजन काय वीजमंडळाने दिलंय? लाकडाचंच आहे ना ते?" मी टेबलावरून खाली उतरलो. पण खरी गंमत पुढे होती. ती आधी तुझ्या लक्षात आली आणि मग माझ्या. झिपरी प्रत्येक बॉडीवर वेगळं वाजवत होती. महोगनी छातीशी घुमायची, तेव्हा ती एकेक सूर लांबवत राहायची, पुढच्याची घाई करायची नाही. अ‍ॅशवर तिची बोटं उड्या मारायची. दाराच्या फळीवर ती चिडून जोरात तारा ओढत होती, कारण फळी तिला काही परतच देत नव्हती. लाकडाने तारेत काय केलं, यावर आपण मरेपर्यंत भांडू. पण वाजवणाऱ्यात ते उतरतं आणि वाजवणाऱ्याच्या हातातून आमच्यापर्यंत येतं, हे मी त्या दिवशी बघितलं. मान्य केलं नाही, ती गोष्ट वेगळी.

मग तुला तो ताप आला. ताप गेला, पण जाताना आधी डाव्या कानाचं आणि मग उजव्याचं सगळं ऐकणं घेऊन गेला. तू खाली येणं सोडलंस. दादा तुझे रंधे पुसून ठेवायचा. त्याला त्यातलं काही कळत नाही, पण रोज पुसायचा. मी मिशा काढल्या, कारण मिशांमुळे माझे ओठ वाचता येत नाहीत अशी तुझी तक्रार होती. पण ओठांवरून "मीठ दे" कळतं, त्यापुढे गाडी जात नाही. तू हसायचीस, मान डोलवायचीस आणि खिडकीशी जाऊन बसायचीस. आम्हा दोघा भावांना वाटलं, झालं, आता या घरात रंधा चालणार नाही.

आणि एका सकाळी मी खाली आलो, तर तू इथे. जुनी अ‍ॅशची गिटार उभी धरलेली, हनुवटी तिच्या कडेवर टेकवलेली, दात घट्ट मिटलेले, डोळेही. अंगठ्याने एकच तार पुनःपुन्हा छेडत होतीस. मी पायरीवरच थांबलो. तू डोळे उघडलेस आणि नेहमीपेक्षा जरा मोठ्या आवाजात म्हणालीस, "जबड्यात येतंय." बस्स. दुसऱ्या दिवशी तू कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेलीस. तो दुकान बंद करत होता आणि त्याचं कापड कापायचं महोगनीचं जाडजूड टेबल कोणी उचलत नव्हतं. तू त्यावर बोटांची पेरं वाजवलीस, जबडा टेकवलास, आणि तो बिचारा खडूचा हात तसाच वर धरून बघत राहिला. मी म्हटलं, खिळे असतील, आतून तडकलं असेल. तुला ऐकू येत नाही याचा तू तेव्हा पुरेपूर फायदा घेतलास आणि टेबल घरी आणलंस.

त्या लाकडावर तू जे काम केलंस, ते मी माझ्या टेबलावरून रोज बघत होतो. दोन फळ्यांच्या रेषा जुळेनात म्हणून तू त्या किती वेळा उलटसुलट केल्यास. आतून पोकळ्या कोरल्यास, मग गळ्याखालच्या हाडाला बॉडी टेकवून तार छेडायचीस, पुन्हा थोडं खरवडायचीस, पुन्हा टेकवायचीस. "इथपर्यंत येतंय, इथे अडतंय," असं स्वतःशीच बोलायचीस. मी गुपचूप माझं मीटर बॉडीवर ठिकठिकाणी लावून बघितलं. सुई अगदी जराशी हलली. कुठे हलली हे विचारशील, तर "इथे अडतंय" म्हणत तू बोट ठेवलं होतंस तिथेच. माझा कान शाबूत आहे, माझ्याकडे यंत्रं आहेत, आणि तुझ्यासारखं लाकूड ऐकणारं माणूस मी दुसरं बघितलेलं नाही.

काल संध्याकाळी सभागृहात झिपरीने ती गिटार पहिल्यांदा लोकांसमोर वाजवली. तू पहिल्या रांगेत चपला काढून, लाकडी जमिनीवर पाय टेकवून बसली होतीस. कार्यक्रम संपल्यावर तू मला विचारलंस, "कशी वाजली?" मी अंगठा वर केला. तू भडकलीस. "अंगठा काय दाखवतोस? मी ऐकलेलं नाही. नीट सांग, तुला येतं तसं सांग." म्हणून हे पत्र. ऐक तर. खालचे सूर टेबलाच्या चांगल्या बसवलेल्या खणासारखे येत होते, न अडखळता, शेवटी हलकासा दाब देऊन बंद होणारे. वरचे सूर टोचले नाहीत. धारदार रंध्यातून लांबलचक ढलपी निघते, पातळ होत जाते आणि कुठे तुटली ते कळत नाही, तसे ते संपत होते. शेवटच्या गाण्याआधी झिपरी एका सुरावर थांबली आणि पुढे जायचंच विसरली. अख्खं सभागृह तिच्याबरोबर थांबलं. माझ्या शेजारच्या अनोळखी बाईंनी माझा हात धरला होता, त्यांना ते ठाऊकही नव्हतं. आता दुसरी बाजू. एक सूर बसला नाही. मधल्या एका तारेवर, वरच्या अंगाला, तो उमटला आणि लगेच मेला. बाकी कोणाच्या लक्षात आलं नसेल. मी चटकन तुझ्याकडे बघितलं, तर तुझ्या कपाळाला आठी पडलेली आणि एक पाय जमिनीवरून उचललेला. अख्ख्या सभागृहात तो सूर मेलेला दोघांनाच कळला, वहिनी, एक मी आणि एक तू. माझ्या मते दोष मानेचा आहे. तू म्हणशील, बॉडीचा. पत्र वाचून झालं की खाली ये. माझी भांडायची तयारी आहे.

तुझाच,
बिनमिशांचा दीर