भूल न देता घातलेले टाके

सर, तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली, पण माझा राग अजून उतरलेला नाही.

हिंगोलीतल्या तुमच्या दवाखान्यात मी नवी डॉक्टर होते. सेनगावकडची ती एकोणीस वर्षांची मुलगी स्वतःचा हात कापून घेऊन तिसऱ्यांदा आली होती. मी भुलीचं इंजेक्शन भरत होते. तुम्ही तिच्यासमोरच म्हणालात, "बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी आहे ही. नुसती नाटकं. भूल देऊ नका, दुखलं म्हणजे पुन्हा करणार नाही." मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवते. टाक्याची सुई तशीच आत जाते. ती ओरडत नाही, नुसती म्हणते, "मॅडम, लई दुखून राहिलं." दाराशी तिची आई तुमच्यापुढे हात जोडून उभी आहे. त्यानंतर ती मुलगी पुन्हा आली नाही, तेव्हा चहा पिताना तुम्ही म्हणालात, "बघा, लागू पडलं की नाही?"

नव्हतं पडलं, सर. मी मानसोपचार शिकून इथंच दवाखाना काढला, आणि बारा वर्षांनी ती माझ्यासमोर येऊन बसली. तिनं मला ओळखलं नाही. बाही वर केली तर कोपरापर्यंत वण. कापणं सुरूच होतं, फक्त दवाखान्यात जाणं बंद झालं होतं. घरीच हळद भरून फडकं बांधायची. "तिथं माणसात धरत न्हाईत, मग काहून जायचं?" कापण्याआधी काय होतं, एवढं मी विचारलं. तेव्हा तुम्ही कधीच विचारलं नाही, मीही नाही. जवळचं कुणी जरा दूर झालं, फोन उचलला नाही, की आपण कुणाचेच नाही असं वाटून तिचा जीव घुसमटायचा. याला नाटक म्हणालात तुम्ही!

मग दर बुधवारी एक तास. मी रजेवर जाणार असले की दोन आठवडे आधी सांगायचं. तशी घुसमटीची लाट आली की काय करायचं, ते आम्ही पुन्हा पुन्हा गिरवलं. एका बुधवारी मी तिला देवासारखी, पुढच्या बुधवारी "तुमी बी तसल्याच." वर्षभरानं मी सांगितलं, ते टाके माझ्या हातचे आहेत. ती खुर्ची ढकलून निघून गेली. तीन बुधवार मी तो तास रिकाम्या खुर्चीसमोर बसून काढला. चौथ्या बुधवारी ती आली, उभ्यानंच बोलली, "लई राग आला तुमचा. पण कापलं न्हाई. म्हटलं, तोंडावरच सांगावं." आणि बसली. आता ती शिवणकाम करते, महिन्यातून एकदा येते.

हे पत्र कुठं पाठवणार? पण एक सांगायचं राहिलं. तुमच्या शोकसभेत मी उठून म्हणाले होते, "सरांनी मला रुग्णातला माणूस बघायला शिकवलं." मी खोटं बोलत होते, सर. आणि रडू मात्र खरंच येत होतं.