कल्पेशच्या कार्डावर

३ नोव्हेंबर, सोमवार
पोचलो एकदाचा. नरोलीत खोली मिळाली. पत्र्याची आहे, पण पंखा झकास फिरतो. खोलीत मी आणि समाधान. तो चोपड्याकडचा, माझ्याआधी आठच दिवस इथं आलेला, दिवसपाळीला जातो. आल्या आल्या म्हणाला, एरंडोलचा ना भो तू, मग भरीत तूच करायचं, मी फक्त खाणार. ही डायरी माझ्या बहिणीनं, कावेरीनं दिली. सातवीत शाळा सोडली म्हणून अक्षर पण सोडू नको म्हणाली. लिहीन जमेल तसं. पुण्यात टिकलो नाही, सुरतेत टिकलो नाही. इथं टिकावं असं वाटतंय. दुपारी राखोलीच्या पुलावर फिरून आलो, नदीला पाणी चांगलं आहे.

ठेकेदाराचा माणूस भगवंतभाऊ. त्यानं कंपनीच्या गेटवर हजेरी पंच करायचं कार्ड दिलं, ते कल्पेश नावाच्या पोराचं. फोटो पण त्याचाच. म्हणाला, नवीन कार्डाला वेळ लागतो, तोवर तूच कल्पेश, हाक आली की हो म्हणायचं. इथं निम्मे लोक दुसऱ्याच्या कार्डावर आहेत म्हणे. कल्पेश गावाला गेलाय. समाधान तेव्हापासून मला कल्पेशशेठ म्हणतो.

५ नोव्हेंबर
रात्रपाळी लागली, ग्राइंडरवर. वाया गेलेले प्लास्टिकचे पाइप वरून टाकायचे, खाली चुरा पडतो. काम सोपं, कान मात्र बधिर होतात. सकाळी येऊन झोपायचं आणि दुपारी गेम! आधी कल्पेश याच खोलीत राहायचा, टीव्ही आणि गेमचं मशीन त्यानं इथंच ठेवलंय. त्यात एक लढवय्या आहे. डोंगर, किल्ले, जादूटोणा, राक्षस. सगळं इंग्लिशमध्ये. पण समाधाननं युक्ती सांगितली, वाचत नको बसू, अक्षरं आली की हिरवं बटण दाब. बाण दाखवील तिकडं जायचं. तलवार आपोआप लागते. मेला तरी लढवय्या शेकोटीपाशी परत उठतो. माझ्यासारख्याला पण जमतं म्हणजे बघा.

समाधान म्हणत होता नवीन खेळ सुरू कर. कल्पेशचा अर्धा झालेला होता. घोडा, चिलखत, सगळं कमावलेलं. आयतं मिळतंय तर सोडायचं कशाला? कार्ड त्याचं, लढवय्या पण त्याचाच चालवतो.

लढवय्याच्या मागं एक साथीदार चालतो, ओझी उचलतो. त्याला नाव देता येतं. समाधानकडून दाजी असं टाइप करून घेतलं. दाजी म्हणजे कावेरीचे मालक, वाल्मिक. घरी मला वाळ्या म्हणतात. फोनवर सांगितलं तर दाजी म्हणाले, वाळ्या, लग्नात तुझ्या बहिणीची पेटी मीच उचलली, आता गेममध्ये पण मीच हमाल का रे? लई हसलो.

९ नोव्हेंबर
काल लढवय्या जंगलात होता. आज टीव्ही लावला तर बोगद्यात उभा. समाधान म्हणतो मी हातसुद्धा लावला नाही. बोगद्याच्या शेवटाला दोन मोठी दातेरी चाकं फिरतात, एकमेकांत. आवाज ओळखीचा वाटला. टीव्हीचा आवाज बंद केला तरी येतच राहिला. आमच्या ग्राइंडरचा आवाज.

आणि लढवय्याची उजवी बाही रिकामी लोंबते आहे. काल त्याच हातात तलवार होती.

११ नोव्हेंबर
कंपनीत झाडू मारायला तानूबाई येते, शेजारच्या अथाल गावची. आज माझ्या गळ्यातलं कार्ड बघून थांबली. म्हणाली, पोरा, ते काढ. कल्पेश गावाला गेलाच नाही. ह्याच मशिननं त्याचा हात ओढला, दवाखान्यात नेईपर्यंत संपला. ठेकेदारानं दुसऱ्याच दिवशी त्याच्या कार्डावर दुसरा माणूस उभा केला, तो गेला, आता तू. पंच होतोय म्हणजे कामावर आहे, कामावर आहे म्हणजे जिता आहे. त्याच्या आईला फोनवर अजून सांगतात, ओव्हरटाइम चालू आहे.

त्याला सुटायचंय रे, म्हणाली. तुम्ही सुटू देत नाही. रोज त्याची हजेरी लावता.

भगवंतभाऊला विचारलं. तो म्हणाला, म्हातारी ताडी पिते. पण माझ्याकडं न बघता म्हणाला.

१३ नोव्हेंबर
आज नको म्हणता म्हणता टीव्ही लावला. लढवय्या शेकोटीपाशी बसलेला. उठेना. अक्षरं आली. सवयीनं हिरवं बटण दाबलं. परत आली, परत दाबलं. मग मागचा साथीदार उठला, लढवय्याचं चिलखत अंगात घातलं आणि चाकांकडं चालू लागला. लढवय्या उलटा फिरला आणि बोगद्याबाहेर निघून गेला.

शेवटची अक्षरं जाईनात. बटण बंद केलं, वायर हलवली, तरी नाही. संध्याकाळी समाधाननं वाचली. त्याचं तोंड उतरलं. मराठीत सांगितलं, असं लिहिलंय:

मी थकलो. माझ्या जागी दाजी आला. मी त्याच्या जागी जातो.

आधीच्या अक्षरांत काय विचारलं होतं? मी कशाला हो म्हटलं?

१४ नोव्हेंबर
कामावर गेलो नाही. कार्ड उशीखाली होतं. आता नाही.

दाजींचा फोन. म्हणाले, भगवंतभाऊनं बोलावलंय, चांगलं काम आहे, बसमध्ये बसलो. येऊ नका म्हटलं. हात जोडले. दाजी चिडले, तुला एकट्यालाच पोट आहे का रे, म्हणाले.

भगवंतभाऊला विचारलं — तो म्हणतो मी फोन केलाच नाही. कोण वाल्मिक?

दाजींचा फोन लागत नाही.

१५ नोव्हेंबर
बसस्टँडवर रात्र काढली. चुकामूक झाली. समाधानचा कंपनीतून फोन — तुझे दाजी आत आलेत, गळ्यात तेच कार्ड. थांबवलं तर म्हणाले, वाळ्यानंच दिलं.

मी नाही दिलं.

गेटवर आहे. वॉचमन सोडत नाही. तुझं कार्ड कुठंय म्हणतो. सांगितलं, कल्पेशच्या कार्डावर माझे दाजी आहेत, बाहेर काढा. म्हणतो कल्पेश ग्राइंडरवर आहे, तू कोण —

मशीन थांबलं.

आत लोक पळताहेत. समाधान ओरडतोय. तानूबाई बाहेर आली, तोंडाला पदर. माझ्याकडं बघत नाही. दाजी कुठं, दाजी —

कावेरीचा फोन. खुशीत आहे. म्हणते, हे परत आले की रे. दारात उभे आहेत. हाक मारली तर बोलत नाहीत, नुसते उभे. शर्ट यांचाच आहे पण उजवी बाही —

उघडू नको म्हणतोय. ओरडून सांगतोय. तिला ऐकूच जात नाही. ती कोणाशी तरी बोलते, आले आले म्हणते

कडीचा आवाज