खांद्याचं माप

९ जानेवारी, बुधवार. सकाळी ७.

काल राजधानीत जाऊन पहिली केमो घेऊन आलो. लोकांनी उगाच बाऊ करून ठेवला आहे. खुर्चीत बसायचं, नळीतून लाल पाणी आत जाऊ द्यायचं आणि समोरच्या भिंतीकडे बघायचं. वार्ताहर म्हणून नगरपालिकेच्या सभांत मी याहून जास्त सोसलं आहे.

आज अंगात विलक्षण उत्साह. फरशी धुतली, दोन कुंड्या हलवल्या, संपादकांना तीन बातम्या पाठवल्या (पैकी दोन घडलेल्या). बायको, ओटिलिया, म्हणाली, हा गोळ्यांचा जोर आहे, नर्सबाईंनी सांगितलंय, पाच दिवस गोळ्या, पाच दिवस जोर, मग सपशेल आडवं. म्हटलं, नर्सबाई सर्वसाधारण माणसाबद्दल बोलत होत्या. बायको म्हणाली, हो, तू असाधारण आहेस, आता ती कुंडी होती तिथे ठेव.

संकल्प: १४ एप्रिलला, ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी, आमच्या नासरेनोच्या, म्हणजे क्रूस वाहणाऱ्या येशूच्या, पालखीला खांदा द्यायचा. वयाच्या अठराव्या वर्षापासून अडतीस वर्षं एकदाही चुकलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, पाठीचे दोन मणके पोखरलेत, बाजाराच्या पिशवीपेक्षा जड काही उचलायचं नाही. पालखी ऐंशी जण उचलतात. दरडोई हिशेब केला तर पिशवीच होते. जरा मोठी पिशवी.

टाइमटेबल: रोज पहाटे मुख्य बागेला चार प्रदक्षिणा. मग खांद्यावर मक्याचं पोतं घेऊन अंगणात दहा फेऱ्या. आरंभ पंचवीस पौंडांपासून.

१५ जानेवारी, मंगळवार.

आज विश्रांती. ठरवून घेतलेली.

१६ जानेवारी.

कालचीच विश्रांती पुढे चालू.

२० जानेवारी, रविवार.

बागेला दोन प्रदक्षिणा. चारचा आग्रह धरणं हा एक प्रकारचा अहंकारच. पोत्यात सध्या दहा पौंड ठेवलेत. पोतं उंदरांनी कुरतडल्यामुळे जास्त मावत नाही.

२६ जानेवारी, शनिवार. सकाळी.

उशीवर केस. ओटिलियाचे असावेत. तिचे लांब आहेत आणि काळे आहेत, हे तिने माझ्या निदर्शनास आणून दिलं. ऋतुमानाचा परिणाम, असं मी म्हणालो. कुठला ऋतू, तिने विचारलं. यावर विचार करतो आहे.

२ फेब्रुवारी, शनिवार.

मंगळवारी दुसरी केमो झाली. आज अंगणात विधिवत क्षौर. मीच म्हटलं, तुकड्यातुकड्यांनी जाण्यापेक्षा एकदम गेलेले बरे. ओटिलियाने मशीन चालवलं. आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली, माझं डोकं तिने पहिल्यांदाच एवढं जपून धरलं. केस झाडून गोळा केले, कागदात बांधले, मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी आपटत होती. सगळी घासलेलीच होती.

मिशी राखली. मिशीचं खातं वेगळं आहे, तिला केमो लागत नाही. शिवाय मिरवणुकीत जांभळ्या झग्याबरोबर डोक्याला फडकं बांधायचंच असतं. एका दृष्टीने मी तयारीत सगळ्यांच्या पुढे आहे.

७ फेब्रुवारी, गुरुवार.

मिशी अतोलमध्ये, म्हणजे मक्याच्या पेजेत. अर्धी. उरलेली अर्धी सौंदर्यदृष्टीने काढून टाकली.

११ फेब्रुवारी, सोमवार.

कोपऱ्यावरून तोर्तिया, मक्याच्या भाकऱ्या, आणायला गेलो. डोन्या कायेताना गेली वीस वर्षं मला तोर्तिया मोजून देते. आज म्हणाली, तुम्ही डॉन एव्हारिस्तोचे थोरले भाऊ ना? चेहरेपट्टीवरून ओळखलं मी. बरे आहेत का ते? फार हसरा माणूस हो. त्यांना म्हणावं, कायेताना रोज मेणबत्ती लावते.

मला थोरला भाऊ नाही. तरी म्हटलं, सांगतो. घरी येऊन स्वतःला तो निरोप सांगितला.

फरक मला दिसत नाही. गोळ्यांनी चेहरा जरा भरलाय, अंग जरा उतरलंय, भुवया विरळ झाल्यात. मूळ आराखडा तोच आहे.

२१ फेब्रुवारी, गुरुवार.

तिसरी केमो मंगळवारी झाली. गोळ्या चालू, म्हणजे मी सिंह. शनिवारी खांद्याची मोजणी आहे. खांद्याच्या उंचीनुसार भोई लावतात, एका उंचीचे एका फेरीत, नाहीतर पालखी कलते आणि बुटक्यांच्या वाट्याला नुसती सावली येते. माझं माप एक मीटर बेचाळीस. वयाच्या अठराव्या वर्षापासून त्यात बदल नाही. त्या मापाची फेरी नेमकी आमच्याच गल्लीत येते, बेकरीच्या कोपऱ्यापासून औषधांच्या दुकानापर्यंत. म्हणजे अडतीस वर्षं मी माझ्या स्वतःच्या दारावरून पालखी नेतो आहे, आणि लग्न झाल्यापासून ओटिलिया दारात उभी असते.

आज घरी दाराच्या चौकटीला टेकून मोजून घेतलं. एक एकोणचाळीस. टेप जुनी आहे, ताणली गेली असणार.

२३ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी २.

विजय.

मोजणी नेहमीप्रमाणे रोमुलो सिकानकडे. तो शिंपी, शिवाय माझा कोंपादरे. त्याच्या लेकीच्या बाप्तिस्म्याला मी धर्मपिता होतो. लहानपणी आम्ही अरे-तुरे करायचो, कोंपादरे झाल्यापासून अहो-जाहो. ओटिलियाने तिच्या पेन्सिलीने मला भुवया काढून दिल्या होत्या, जरा उंचावरच. चर्चच्या ओसरीत उकाडा फार, त्यामुळे डावी भुवई रांगेतच गालाकडे निघाली.

रोमुलो म्हणाला, कोंपादरे, तुम्हाला कशाबद्दल एवढं आश्चर्य वाटतंय? म्हटलं, तुमच्या टेपबद्दल. म्हणाला, माझी टेप सगळ्यांशी खरं बोलते, उभे राहा सरळ. मी सरळ उभा राहिलो. मोजणी झग्यातच होते, आणि झगा पायघोळ असतो. झग्याच्या आत टाचा काय करतात हा माणसाचा खाजगी प्रश्न आहे.

रोमुलोने टेप धरली. माझ्या पायांकडे पाहिलं. मग बराच वेळ वर छताकडे पाहिलं. एक बेचाळीस, तो मोठ्याने म्हणाला, आणि लिहून घेतलं. मागून कोणीतरी म्हणालं, यंदा डॉन एव्हारिस्तोला सोबत खुर्ची पण द्या. रोमुलो त्याच्याकडे वळून म्हणाला, तू गप रे, तुझं पोट मोजायला मला दोन टेपा लागतात.

जुनं माप, जुनी फेरी, जुनी जागा. टेप ताणली गेली होती हे सिद्ध झालं.

१६ मार्च, शनिवार.

चौथ्या केमोचा पाचवा दिवस. बागेपर्यंत गेलो. प्रदक्षिणा मनाने घातल्या, बाकावर बसून. बरेच साधुसंत असंच करत असले पाहिजेत.

२० मार्च, बुधवार.

दमणूक या शब्दाचा अर्थ मला आजवर माहीत नव्हता. दमणं म्हणजे काम केल्यावर येणारी गोष्ट. हे त्याच्या उलट आहे. हे आधी येतं, काम येतच नाही. बुटाची नाडी बांधायला बसलो आणि एका बुटानंतर झोपलो. ओटिलियाने दुसरा बूट घातला नाही, पहिला काढला.

हे इथेच नोंदवतो. संपादकांना फक्त एवढंच कळवलं की वार्ताहर सध्या एका मोठ्या विषयावर काम करतो आहे.

पोतं कोठीत. आता त्यात अर्धा पौंड मका आहे आणि एक उशी.

४ एप्रिल, गुरुवार.

परवा पाचवी केमो झाली. नर्सबाई यादिरा म्हणाल्या, रक्त कमी आलंय डॉन एव्हारिस्तो, पुढच्या आठवड्यात गर्दीत जायचं नाही. म्हटलं, मी गर्दीत जाणार नाही, मी पालखीखाली असेन. त्या हसल्या नाहीत. ओटिलियाला बाजूला घेऊन काहीतरी सांगत होत्या. परतीच्या बसमध्ये बायको सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होती. रस्त्याच्या बाजूला फक्त टायरची दुकानं आहेत.

९ एप्रिल, मंगळवार. सकाळी ११.

रंगीत तालीम. बेकरीच्या कोपऱ्यापासून औषधांच्या दुकानापर्यंत नुसतं चालायचं, खांद्यावर काही नाही. एकशे वीस पावलं. मी एकतीस टाकली. मग बेकरीच्या पायरीवर बसून गल्लीची पाहणी केली. फरसबंदीत दोन ठिकाणी खड्डे आहेत, नगरपालिकेला कळवायला हवं. ओटिलिया न्यायला आली.

घरी आल्यावर पहिल्यांदा भांडण. ती म्हणाली, खुर्ची टाकते दारात, बसून बघ, देव काही म्हणणार नाही. मी म्हटलं, बसून बघतात ते पर्यटक. ती म्हणाली, तुला पालखी उचलायचीये, की तू पालखी उचलतोस हे मी बघायला हवंय? मी बुटाची नाडी सोडायला लागलो. ती म्हणाली, मी बघितलंय रे, एकतीस वर्षं बघितलंय.

आणि नंतर, तव्याकडे तोंड करून, मला फक्त पुढच्या वर्षी पण तुला बघायचंय.

प्रश्नच वेगळा होता. मी फेरीबद्दल बोलत होतो.

१३ एप्रिल, शनिवार.

गल्लीत लाकडाच्या रंगीत भुशाचे गालिचे घालतायत. आमच्या दारासमोर जांभळा आणि पिवळा, मध्ये अननसाची रांगोळी. ओटिलियाने झग्याला इस्त्री केली.  झगा दोन्ही बाजूंनी टाचून घेतला, नाहीतर आत मी सापडलो नसतो.

१४ एप्रिल, रविवार. संध्याकाळी ६.३०.

उचलली!

क्रमाने लिहितो. दुपारी सव्वातीनला बेकरीच्या कोपऱ्यावर बदली झाली. माझ्या पुढे लिसांद्रो, लोखंडाच्या दुकानातला, आणि मागे बघतो तर रोमुलो. तो खरं तर पुढच्या फेरीत असतो. म्हणाला, नंबरांत घोळ झाला कोंपादरे, शिंप्याच्या अक्षराचा काय भरवसा. धूप, बँडची संथ चाल, पालखी डावीकडे झुकते, मग उजवीकडे, ऐंशी माणसं एका पावलाने. एकशे वीस पावलं. एकही चुकलं नाही.

आणि वजन! म्हणजे वजन नव्हतंच. अडतीस वर्षांत इतकी हलकी पालखी मला आठवत नाही. दर वर्षी लाकडाचा काठ खांद्यात रुततो, दातओठ खावे लागतात. यंदा पिसासारखी. काठ कानाला घासत होता, तेवढंच. पाठीशी कंबरपट्ट्याला एक आधारही जाणवत होता, जणू कुणी धरून पुढे नेतंय. मी फार भाविक नाही, वार्ताहर आहे. पण हे नोंदवल्याशिवाय राहवत नाही.

औषधांच्या दुकानाशी बदली झाल्यावर मी रोमुलोला विचारलं, यंदा हलकी होती ना? तो घामाने निथळत होता, हात गुडघ्यांवर, श्वास लागलेला. म्हणाला, फारच हलकी, कोंपादरे. लिसांद्रोही मान हलवत होता, बोलण्याइतका श्वास त्याच्यात नव्हता. तरुण पोरांना हल्ली दम नाही.

आमच्या दारावरून जाताना ओटिलिया दारात उभी होती. तिने हात तोंडावर ठेवला होता. डॉक्टरांना काय कळतं?

१५ एप्रिल, सोमवार. सकाळी ९.३०.

उठलो नाही. म्हणजे उठता आलं नाही. ओटिलियाने उशा लावून बसतं केलं.

पालखीच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्या डाव्या खांद्याला मलम चोळते. तिथे तळहाताएवढा जांभळा वळ उठतो, आठवडाभर सदरा लागू देत नाही. आजही डबी घेऊन आली. सदरा उतरवला. बघत राहिली. मग उजवा खांदा बघितला, मी एखादवेळी बाजू बदलली असेन म्हणून. मी आरसा मागितला. तिने दिला नाही, मी पुन्हा मागितला.

खांदा कोरा होता. हाडं, त्यावर कातडी, कातडीवर काहीही नाही. कान मात्र वरून सोलला होता.

मोजणीला टाचा उचलता येतात. एकशे वीस पावलं टाचा उचलून चालता येत नाही. अख्खी गल्लीभर तो काठ माझ्या खांद्याच्या वर चार बोटं तरंगत होता आणि मी त्याच्या सावलीतून चाललो. माझ्या वाटचं लिसांद्रोने आणि रोमुलोने वाटून घेतलं. कंबरेचा आधार रोमुलोचा हात होता. एका हाताने मला धरून, एका खांद्यावर दोघांचं घेऊन तो चालला, आणि वर म्हणाला, फारच हलकी.

ओटिलियाला कालच दिसलं असणार, दारातून.

 तिने डबीत बोटं बुडवली आणि कोऱ्या खांद्याला मलम चोळायला लागली. गोल गोल, सावकाश.

मी म्हटलं, जरा हळू. दुखतंय.

म्हणाली, हो रे, यंदा वळ जरा जास्तच उठलाय.