बॅच फुल्ल आहे

११ सप्टेंबर

यांचं ठरलं. म्हणजे जायचं ठरलं — कधी नि कुठे ते मी बघायचं. 'तू दिवसभर शहापुरात बसून लोकांचे फॉर्म भरतेस, माझा एक भर.' स्कूबाचा पुढचा कोर्स. पहिला गेल्या वर्षी मालवणला झाला, त्यावर साठ फुटांपर्यंत उतरता येतं. पुढच्यात शंभर फूट, आणि एकदा काळोखात. तालुक्याच्या बचाव पथकात सिलिंडर लावून उतरणारे हे एकटेच. बुडालेला माणूस साठ फुटांच्या खाली असला की यांना काठावर नुसतं उभं राहावं लागतं. ते त्यांच्या जिव्हारी लागतं.

शंभर फूट म्हणजे दहा मजले. आकडा लिहिला आणि वही मिटली.

१४ सप्टेंबर

फॉर्म भरायच्या सेंटरवर गर्दी नव्हती म्हणून कोर्स बघत बसले. गोव्याला पाणी स्वच्छ. मालवणला पहिला कोर्स घेणारे ओमकार सर ओळखीचे. हे म्हणतात, 'समुद्रात सगळं दिसतं गो. आपल्या भातसा धरणाच्या पाण्यात स्वतःचा हात दिसत नाय. जिथं काळोख तिथंच शिकायला पायजे.' मला गोवा बरा वाटला. मग तिथलंच एक पान उघडलं, त्यात काय काय होऊ शकतं त्याची यादी. कान, फुप्फुसं, रक्तात बुडबुडे. खाली सही करायची — जे होईल ते माझ्या जबाबदारीवर. मी कॉम्प्युटरच बंद केला.

१५ सप्टेंबर

झोप नाही.

२ ऑक्टोबर

ओमकार सरांचा मेसेज. दिवाळीआधीची बॅच, चार जागा शिल्लक, नाव कळवा.

मी यांना म्हटलं, भात कापणीला आलंय, आता कुठे जाता? यांनी मान हलवली. खोटं नव्हतं ते. हळवं, लवकर येणारं भात खरंच पिवळं पडलंय.

२६ ऑक्टोबर

कापणी उरकली. आज त्यांनी विचारलंच. मी म्हणाले, 'नोव्हेंबरची बॅच फुल्ल आहे.'

इतक्या सहज बोलले! सेंटरवर 'सर्व्हर डाऊन आहे' सांगते तसंच. ते निदान खरं असतं. पण तिथेही कोणी उठून माझ्या स्क्रीनमध्ये डोकावत नाही. कॉम्प्युटरवर बसलेल्या बाईने नाही म्हटलं की माणूस पिशवी उचलतो आणि एसटी धरतो. यांनीही तेच केलं. 'बरं,' म्हणाले आणि आंघोळीला गेले.

सरांच्या मेसेजात तीन जागा रिकाम्या होत्या. मला लाज वाटली. आणि दीड महिन्यात पहिल्यांदा मी पोटभर जेवले.

१५ नोव्हेंबर

डिसेंबरही फुल्ल, असं सांगितलं. गोवा? तिथेही फुल्ल. सरांचे मेसेज पुसून टाकले.

'एवढी काय लोकांना पाण्याखाली जायची हौस,' हे म्हणाले आणि हसले. मी भाकरी थापत होते. वर बघितलं नाही.

२९ नोव्हेंबर

सकाळी अकराला त्यांना फोन आला. मुरबाडच्या पुढे, धसईकडे एक बंद पडलेली दगडखाण आहे. काल तिथे तानी नावाची बाई गोधड्या धुताना घसरली. पाणी किती खोल, कोणालाच ठाऊक नाही. यांना सर्दी झालेली. मी म्हटलं, सर्दीत उतरायचं नाही असं तुम्हीच सांगता ना? 'बघून येतो नुसतं.'

चार वाजले. फोन लागत नाही. हात रिकामे नकोत म्हणून लिहितेय. साठ फुटांच्या आत असू दे ती. देवा, आतच असू दे.

३० नोव्हेंबर

जिवंत आहेत. आधी तेच लिहिते.

पथकातल्या जगनने सांगितलं. तानीचा नवरा जैतू आदल्या दिवसापासून काठावरून हलला नव्हता. यांच्याजवळ आला आणि एवढंच म्हणाला, 'भगीरथदादा, निदान घरी तरी न्यू दे तिला.' हे उतरले. ती पंच्याऐंशी फुटांवर होती. काळोखात घाईने खाली जाताना डावा कान फुटला, डोकं गरगरलं, तरी तिला दोरीला बांधलंच. वर आले ते कानातून रक्त आणि उलट्या. कल्याणला ठेवलंय. उभं राहायचं तर भिंत धरावी लागते.

कोर्स झाला असता तर हळू उतरले असते. किंवा सोबतीला दुसरा पाणबुड्या नसताना उतरलेच नसते. हे मी लिहितेय, मी.

७ डिसेंबर

डॉक्टर म्हणाले, डावा कान बहुतेक गेलाच. पाण्याखाली आता कधीच नाही. आयुष्यभर नाही.

मला हायसं वाटलं. तिथेच, डॉक्टरांसमोर, यांचा हात माझ्या हातात असताना. मग माझीच मला भीती वाटली.

९ डिसेंबर

त्यांना घरी सापगावला आणलं. आज यांच्या डाव्या बाजूला बसून सगळं सांगून टाकलं, अगदी हळू आवाजात. ऐकू जाऊ नये अशी सोय बघूनच बसले होते.

'ठाऊक हाय मला,' हे म्हणाले. 'सरांनी मलाच फोन केलेला. जागा हायेत म्हणाले. तू फुल्ल म्हणालीस तवा बरं वाटलं. मलाच भीती वाटत व्हती गो.'

मग त्या खाणीत कशाला उतरलात, मी विचारलं.

'तिथं नाय म्हणायला तू नव्हतीस.'