सक्रीबाईचा काटा

११ नोव्हेंबर
उपकेंद्राचा वजनकाटा दुरुस्तीला गेला तो गेलाच. विचारलं का वरचे म्हणतात, येऊन राह्यला. तोवर सक्रीबाईवरच भिस्त.
आजही वावरात गेलती. संध्याकाळी कापूस तोलायची वेळ झाली का तांड्याच्या सगळ्या बाया आपापली बोचकी घेऊन येतात, लेकरं कडेवर. सक्रीबाई त्यांची मुकादमीण. बोचकी झाली का लेकरं. लुगड्याची झोळी, झोळीत लेकरू, अन् झोळी तिच्या हुकाच्या काट्याले. वजन ओरडून सांगते. मी धुऱ्यावर, बांधावरच्या निंबाखाली, रजिस्टर मांडीवर घेऊन लिहिते. लेकरं खिदळतात, बापू नावाचा एकटा पोरगा तेवढा रडतो.
हे तिचंच डोकं. मागच्या साली मलेच बोलली होती, "सिस्टर, तुम्ही दहाले उपकेंद्रात बोलावता, दहाले आमी वावरात. तुम्हीच या ना काट्यावर." तवा मले राग आलता. आता या एका हंगामात जेवढी लेकरं तोलली तेवढी बारा वर्षांच्या नोकरीत तोलली नसतील.

१३ नोव्हेंबर
अनिताचं लेकरू भलतंच हलकं भरलं. दिसायला बरं दिसते, पण दिसण्यावर काय जायचं. वजन म्हणजे वजन. तालुक्याच्या दवाखान्यात चिठ्ठी दिली, पोषणाच्या वार्डात चौदा दिवस ठेवा म्हणून. अनिता कुरकुरली. ऐन वेचणीत चौदा दिवस. सासू तिथंच सगळ्यांसमोर बोलली, "लेकराले उपाशी ठेवते अन् सोता जेवते." अनितानं मान खाली घातली. मी सासूले दटावलं, पण पाठवलं.

१६ नोव्हेंबर
अनिता परत. तिसऱ्या दिवशी हाकललं म्हणे. डॉक्टर म्हणाले लेकरू ठीक आहे, कायले पाठवलं. माझा पारा चढला. गाव-खेड्यातून चिठ्ठी आली का यांना वाटते सिस्टरला काही समजत नाई. यांचाच काटा बिघडला असंल. रजिस्टरात लाल शाईनं लिहून ठेवलं, "पाठवले, पूर्ण दिवस ठेवून घेतले नाही."

१९ नोव्हेंबर
बैठक. मोठ्या सिस्टर (आमच्या वरच्या) चहाच्या वेळी बाजूला घेऊन म्हणाल्या, फेब्रुवारीत नागपूरला नर्सेसची परिषद आहे, या वर्षी खेड्यातल्या नर्सेसनं बोलावं असं त्यांचं म्हणणं आहे, तू वावरातल्या वजनाचं पाठव. मी हसली. म्हटलं, माझं काय तिथं? त्या म्हणाल्या, "आयुष्यभर दुसऱ्यांचीच भाषणं ऐकत राह्यशील का?"
घरी येईपर्यंत तेच डोक्यात. माय मारेगावला दुसऱ्यांच्या वावरात वेचायची. माझं नाव छापलेलं पाहाले ती असती तर.

२४ नोव्हेंबर
रविवार. माझ्या पिंकीले सुट्टी, घरीच होती, तिनंच मोबाईलवर अर्ज भरला. गोषवारा अडीचशे शब्दांत. मी सांगत गेली, ती टाईप करत गेली. 'कापूस वेचणीच्या ठिकाणी बालकांची वजन तपासणी : एक नवा प्रयोग.' प्रयोग शब्द पिंकीचा. मले आवडला.
मग एक चौकट आली. सहलेखक. नाव, शिक्षण, नोंदणी क्रमांक. पिंकी म्हणाली, "आई, सक्रीमावशीचं टाकू?" मी म्हटलं, शिक्षण काय लिहिशील? नोंदणी क्रमांक कुठून आणशील? चौकट अर्धी भरली तर अर्जच बाद करतील. राहू दे कोरी. खाली एक ओळ टाकली, 'स्थानिक महिलेच्या सहकार्याने.'
पाठवायचं बटण पिंकीनं मलेच दाबाले लावलं.

२५ नोव्हेंबर
स.बाई भेटली. सांगायचं होतं. सांगितलं नाई. निवड झाली तर सांगू, नाई झाली तर कायले.

६ डिसेंबर
सकाळी विहारात. वंदना झाली, सगळ्यांसोबत बसली, पांढरं पातळ चुरगळलं. घरी आली तर मेल. निवड झाली. वीस मिनिटं बोलायचं, पंधरा मिनिटं भाषण अन् पाच मिनिटं प्रश्न.
दोनदा वाचला मेल. मग पिंकीले वाचाले लावला. आज अशा दिवशी आला, तर बाबांसमोर मेणबत्ती लावली अन् रडली. आनंदानंच रडली, बाकी काही नव्हतं तवा.

९ डिसेंबर
मोठ्या सिस्टरनं ग्रुपवर टाकलं. फुलं, टाळ्या, अंगठे. एकीनं लिहिलं, "ढोके सिस्टरची कल्पना म्हणजे भन्नाट." कल्पना माझी नाई असं लिहाले घेतलं, मग खोडलं. धन्यवाद लिहिलं.

१२ डिसेंबर
स.बाईला सांगितलं, नागपूरला बोलाले चालली, आपल्या वावरातल्या वजनावर. तिचा चेहरा असा फुलला. "मायं नाव घेजा बाई तिथं," म्हणे. "म्हणजा का तांड्याची सक्री काटा धरते." मी हाव म्हटलं. तिनं तिथंच सगळ्या बायांना ओरडून सांगितलं का सिस्टर नागपूरले आपलं नाव घेणार आहे.
भाषणात तोंडी घेईनच ना. कागदावर नाई तर तोंडी. असं मनाला सांगितलं.

२८ डिसेंबर
स.बाईनं कापड आणून दिलं. त्यांचं आरशाचं भरतकाम, तिच्या याडीच्या, म्हणजे मायच्या, हातचं. "बोलतानी टेबलावर आंथरजा." नको म्हटलं तर रागावली. कपाटात ठेवलं. कपाट उघडलं का तेच आधी दिसते.

५ जानेवारी
आज जे झालं ते लिहाले हात होत नाई. लिहिते.
फरदडीची, शेवटच्या बहाराची, वेचणी संपत आली, बाया कमी होत्या. तोलणं झालं, तर स.बाई म्हणे भाषण वाचून दाखवा. तिथंच वाचलं. बाया बोचक्यांवर बसून ऐकून राह्यल्या. मी वाचलं का झोळीचं लुगडं अर्धा किलो भरते, म्हणून मी दर वजनातून अर्धा किलो कमी करून लिहिते.
स.बाई म्हणे, "तुम्ही कायले कमी करता? मी तर कडता कापूनच सांगते."
मले समजलंच नाई. कडता म्हणजे बोचक्यावरचा. कपडा अन् कापसाची ओल धरून दर बोचक्यामागं एक किलो वजा. ती म्हणे, "काट्यावर जे चढलं त्यातून किलो काढूनच मी बोलते. बोचकं असो का लेकरू. जिंदगीभर तसंच बोलली."
म्हणजे तिनं किलो काढला. वरून मी अर्धा. लुगडं तर अर्ध्याचंच होतं. एकेक लेकरू मी किलोभर हलकं करून लिहिलं. सगळी. पूर्ण हंगामाची.
अनिता समोरच बसली होती.

६ जानेवारी
रजिस्टर उघडून सगळी वजनं परत मांडली. किलो किलो वाढवत गेली. कमी वजनाची म्हणून लाल शाईनं लिहिलेली निम्मी नावं लाल राहात नाईत. माझ्या गोषवाऱ्यात लिहिलं आहे का या प्रयोगामुळे एवढी कमी वजनाची लेकरं सापडली. सापडली नाईत. मीच केली.
अन् दवाखान्याचा काटा बरोबर होता. डॉक्टर बरोबर होते.
दोन महिने मी स.बाईच्या काट्यापासून दहा पावलांवर बसत होती. एकदा उठून काट्याचा आकडा पाह्यला असता तर. पण मुकादमीण बोलली का तिच्या काट्यात डोकावत नाईत. डोकावणं म्हणजे संशय घेणं, बोचकं तोलताना कोणी बाई डोकावत नाई. मलेही ते बरोबर वाटलं. मान ठेवला म्हणायची मी. मान ठेवला असता तर अर्ज भरतानी तिले शेजारी बसवलं असतं अन् विचारलं असतं, बाई, तू वजन कसं करते ते सुरुवातीपासून सांग. तिनं पयल्याच वाक्यात कडता सांगितला असता.

८ जानेवारी
मोठ्या सिस्टरला फोन. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "कोणाला कळणार आहे? आकडे थोडे ढोबळ बोल." मग म्हणाल्या, "नको. तू नाई बोलू शकणार तसं." बरोबर ओळखलं. पण तेवढ्या एका क्षणात मले ढोबळ बोलावंसं वाटलं होतं, हे इथं लिहून ठेवते.

१० जानेवारी
तांड्यावर गेली. आधी अनिताकडं. सासू ओट्यावर होती, तिच्यासमोरच म्हटलं का लेकराचं वजन चांगलं होतं, चूक माझी, अनितानं उपाशी ठेवलं नव्हतं. सासूनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. अनिता आतून पाणी घेऊन आली. म्हणाली, "सिस्टर, हे तुम्ही तवा सगळ्या बायांसमोर नाई बोलले." म्हटलं, बोलीन. म्हणे, "आता वेचणी संपली. बाया पांगल्या."
पाणी प्यायली.

११ जानेवारी
स.बाईकडं. ठरवून गेलती. म्हटलं, मी परिषदवाल्यांना लिहिते का आकडे चुकले, दुरुस्त आकडे घ्या, अन् लेखक म्हणून तुमचंही नाव टाका. कोरी चौकट सांगितली. आजवर सांगितली नव्हती, ती सांगितली.
तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. "म्हणजे आतापावतर कागदावर मायं नाव नवतं?"
नव्हतं.
"बरोबर होतं तवा तुमचं एकटीचं. आता चुकलं तर दोघींचं का?"
मी म्हटलं तसं नाई बाई. पण तसंच आहे. तिच्या जागी मी असती तर हेच म्हटलं असतं, याहून वाईट म्हटलं असतं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. चहा दिला तिनं.

१४ जानेवारी
तीळगुळ घेऊन स.बाईकडं गेली. घेतला. दिलाही. गोड बोला म्हणाले तांड्यावर सगळे, तिनं तेवढं म्हटलं नाई.

१७ जानेवारी
मेल पाठवला. पिंकीनं टाईप केला, शब्द माझे. आकडे चुकीचे आहेत, चूक माझी आहे, ही पद्धत माझी नसून सक्रीबाई आडे यांची आहे, त्यांचं शिक्षण नाही अन् नोंदणी क्रमांकही नाही. तुम्हाला योग्य वाटलं तर मी येऊन चूक कशी झाली तेच सांगेन. नाई वाटलं तर माझं नाव काढा.
तिचं नाव टाकाले तिची परवानगी नव्हती. तेवढं पद्धतीपुरतं लिहिलं. तेही चुकलं का काय.

२३ जानेवारी
परिषदेचा फोन. एक बाई बोलल्या, आवाज चांगला होता. विचारून सांगतो म्हणे, तुम्ही मात्र यायचं का नाही ते परवापर्यंत पक्कं करा. मी म्हटलं सांगते.
काटा आला परत उपकेंद्रात. कोरा करकरीत. सांगायची गोष्ट म्हणजे तांड्यावर मी तो घेऊन जाणार नाई.

२४ जानेवारी
लेकरं परत तोलायची ठरवली, सगळी, तांड्यावरच. सक्रीबाईला निरोप पाठवला, वाटलं येणार नाई. आली. आपला काटा घेऊन. शाळेच्या अंगणात निंबाले दोर बांधला. वेचणाऱ्या झाडून सगळ्या आल्या होत्या, कोणी बोलावल्या ते मी विचारलं नाई.
आधी रिकामी झोळी टांगली. "अर्धा किलो. लिहा." लिहिलं. मग मी सगळ्यांसमोर अनिताचं बोलली, जे बोलायचं होतं ते पूर्ण. सासू मागं उभी होती.
पयलं लेकरू अनिताचंच घेतलं तिनं. मी निंबाखाली बसाले गेली तर म्हणे, "इकडं या. आकडा पाहा."
मी उठून काट्याजवळ गेली, पाह्यला.
"नऊ किलो दोनशे. कडता नाई."
दर लेकराला तसंच. वजन, अन् मोठ्यानं, "कडता नाई." शेवटच्या लेकरापावतर. त्याच्याशिवाय एक शब्द बोलली नाई माझ्याशी.
मी लिहिलं. काटा गुंडाळतानी विचारलं, नागपूरले येता का सोबत, तुम्हीच बोला. तिनं हुक पदरानं पुसला, पिशवीत टाकला अन् म्हणे, "उद्या सांगते."
फोनवाल्या बाईलाही उद्याच सांगायचं आहे.