तिनापाशी रिकामं वर्तुळ

पांढुर्णा, १७ नोव्हेंबर २०२५

ती. काकाजींस, सा. न. वि. वि.

मागच्या पत्रातली माझी चूक आधी दुरुस्त करते. हर्षलदादाचा बीजगणित सोडवणारा कॅल्क्युलेटर आलेखातली तुटलेली जागा दाखवतो, असं मी तुम्हाला लिहिलं आणि शाळेच्या खरेदी समितीलाही सांगितलं. तो नेहमी दाखवत नाही.

क्ष वर्ग वजा नऊ, भागिले क्ष वजा तीन. उत्तर क्ष अधिक तीन. पण क्ष तीन असला तर शून्याने भागावं लागतं, म्हणून रेषेवर तिथे रिकामं वर्तुळ काढायचं. तुम्हीच घरी शिकवलंत. दादाने दाखवलं तेव्हा तिथे रेष तुटलेली होती. काल मी आलेख जरा मोठा केला, तर रेष अखंड.

अकरावीच्या मुलींनी हाताने करताना वर्तुळ काढलं, यंत्र दिल्यावर एकीनेही नाही. चंचल म्हणाली, "मॅडम, मशीनला दिसलं नाही तर आम्हाला कसं दिसन?"

समिती माझ्या शब्दावर खरेदी करून राहिली आहे, आणि दादाच्या नव्या दुकानाची ही पहिली मोठी ऑर्डर. मला झोप नाही. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र सौंसरच्या बसने धाडते. माया कमी होऊ देऊ नका.

तुमची भाग्यश्री

सौंसर, १९ नोव्हेंबर

चि. भाग्यश्रीस, अ. उ. आ.

काकू म्हणते, संत्र्याच्या तोडणीला पोरगी येत नाही, कोरडं गणित पाठवते.

तू काय तपासशील, हे हर्षलने मला जेवताना विचारलं होतं. मी कौतुकाने सांगितलं, वर्तुळ पाहिल्याशिवाय ती कशालाच पास करत नाही. पडद्यावर आलेखाचा किती भाग दिसावा, ती चौकट त्याने तिनापाशी रेष तुटलेली दिसेल अशीच आधी बसवून आणली होती. काल विचारलं तर म्हणाला, "तिले जे पाहाचं होतं तेच दाखवलं. खोटं काय केलं म्या?" तू समितीला सांगितलंस तर तुझ्याशी बोलणार नाही म्हणतो.

सांग म्हणवत नाही, सांगू नको तर मुळीच नाही. मी त्याचा बाप आहे आणि तुझा मास्तर. जप स्वतःला.

भैय्याजी

पांढुर्णा, २१ नोव्हेंबर

प्रिय हर्षलदादास, सा. न.

भाऊबीजेला तुला ओवाळलं, तेव्हाच हे ठरलं होतं का, ते मी विचारणार नाही. यंत्र टाकाऊ नाही. आधी हाताने, मग यंत्रावर, असं शिकवलं तर मुलींच्या कामाचं आहे, हेही मी समितीला सांगीन. पण माझं आधीचं मत मागे घेईन. मग त्यांनी घ्यावं की नाही, ते त्यांच्यावर.

तू आलास तर चौकट तूच बदलून दाखव; नाही आलास तर मी दाखवीन. बोलायचं नसलं तरी राग धरू नकोस. समिती सोमवारी, २४ नोव्हेंबरला बसते.

तुझी बहीण
भाग्यश्री