आईची डाळिंबं

तीर्थस्वरूप दादास,
धाकटीचा वाकून नमस्कार.

डाळिंबांची पेटी गेल्या आठवड्यात पोचली. हमालीसकट ती सोडवून आणायचा खर्च फळांच्या किमतीइतकाच झाला. दोन फुटली होती, ती मी खाल्ली. बाकीची देवापुढे ठेवून आईला देते आहे.

तू पाठवलेलं 'डाळिंबाने कर्करोग बरा होतो' हे पेपरातलं कात्रण डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "डाळिंबातल्या काही द्रव्यांनी प्रयोगशाळेत काचेच्या बशीत कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखली, हे खरं. माणसाच्या शरीरात तसं होतं, हे अजून सिद्ध व्हायचंय. सलाईनमधून देतो ते औषध चुकवू नका."

आईने मात्र कात्रण वाचल्यापासून सलाईनला जायचंच सोडलं आहे. म्हणते, "माझ्या लेकाने औषध पाठवलंय. तू लहानपणापासून त्याच्यावर जळतेस." मी हसण्यावारी नेते.

आधीच्या औषधांनी तिचं तोंड आतून सोलवटलं आहे. रस झोंबतो, डोळ्यांतून पाणी येतं. तरी वाटी रिकामी करते आणि "गोड आहे हो" म्हणते, कारण तो तू पाठवलास.

इस्पितळाजवळ घेतलेली खोली हवेशीर आहे, शेजारीण चांगली आहे. वहिनींचे गुडघे कसे आहेत?

दादा, तुझा दोष नाही. इतक्या लांबून तू तरी दुसरं काय करणार? पण ती तुझंच ऐकते. सलाईन घे आणि झोंबत असेल तर रस राहू दे, असं तिला तुझ्या हाताने लिही. बरी होशील, असंही लिही. माझ्या तोंडून ते निघत नाही. सोमवारी सलाईनला पुन्हा बोलावलंय, म्हणून पत्र उलट टपाली धाड.

तुझी,
धाकटी